अल्बर्ट किंगचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' : मला का भावत नाहीये?

कच्चालिंबू | सोम, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. अडीच वर्षं गिटार शिकतोय, त्यातले शेवटचे दहा महिने इलेक्ट्रिक. नाशकात आमचे सर आहेत, बोलतात कमी आणि गृहपाठ देतात जास्त. गेल्या महिन्यात म्हणाले, "दोन आठवडे गिटारला फार हात लावू नकोस. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगचा १९६७ चा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' रोज एकदा ऐक."

ऐकला. प्रामाणिकपणे, रोज. अकरा गाणी आहेत, पाऊण तासही लागत नाही. आणि खरं सांगू? यात एवढं काय आहे तेच कळेना. वाईट नाही हो. पण दर वळणाला वाटतं, हे तर ऐकलंय! स्टीव्ही रे व्हॉनकडे ऐकलंय, क्लॅप्टनकडे ऐकलंय, गॅरी मूरकडे ऐकलंय, आणि तेही जास्त वेगात, जास्त दणक्यात. सरांना सांगितलं तर हसले आणि म्हणाले, "बरं. अजून दोन आठवडे."

तर प्रश्न असा: या अल्बमला वयोवृद्ध म्हणून नमस्कार करून पुढे जायचं, की आजही बसून ऐकण्यासारखं त्यात काही आहे? शिव्या चालतील. फक्त "तुला काय कळतंय" याच्या पुढे दोन ओळी लिहा.

राहू_केतू | सोम, रात्री ११:२५

धाग्याचं नाव वाचून आधी पंचांग उघडलं.

त्या अल्बमचं कव्हर बघितलंत का? काळी मांजर, तेरा तारखेचा शुक्रवार, इस्पिकचा एक्का, कवटी, आणि फाशांवर एक-एक. आमच्या मातोश्री मांजर आडवी गेली तर सात पावलं मागे येतात. हे कव्हर दाखवलं तर थेट गंगापूर धरणापर्यंत मागे जातील.

कोल्हापुरी_ठसका | सोम, रात्री ११:३१

लई भारी अल्बम हाय. का ते ईचारू नका. गाडीत लावला की गाडी आपोआप चाळीसच्या वर जात न्हाई, एवढंच सांगतो.

बेसुरा_बाबू | सोम, रात्री ११:५८

लिंबूशेठ, तुमचे कान शाबूत आहेत. एक तर हा 'अल्बम' म्हणून बसून केलेला अल्बमच नाही. १९६६ च्या मार्चपासून १९६७ च्या जूनपर्यंत स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीसाठी जी सुटी गाणी रेकॉर्ड झाली, त्यांची मोट बांधून एलपी काढली. म्हणून मध्येच 'द व्हेरी थॉट ऑफ यू'सारखं १९३४ चं गुळमुळीत प्रेमगीत येतं आणि आपण दचकतो. निघताना एलपीला मोठा चार्टही (खपाच्या यादीत जागा) मिळाला नव्हता.

दुसरं, आणि हे मी इथे आधीही लिहून मार खाल्लाय: अल्बर्टकाकांकडे चार लिक्स (गिटारचे ठरावीक छोटे तुकडे) होत्या. चारच. त्या आलटून पालटून. ब्लूज गिटारचा एकच अल्बम ऐकायचा असेल तर बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल' ऐका, नोव्हेंबर १९६४, शिकागो. तिथे गिटार गाते, गायक बोलतो आणि पब्लिक वेडं होतं. विषय संपला.

राहू_केतू | मंगळ, रात्री १२:०३

आला पहिला सिक्सर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रेकॉर्डवाला | मंगळ, सकाळी ८:४०

बेसुरा, विषय संपत नसतो, नुसती झोप लागते. सकाळी उठून लिहितोय.

कच्चालिंबू, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तुम्ही नातवंडांना आधी भेटलात. आता आजोबा समोर आले, तर म्हणताय, यांचं नाक ओळखीचं वाटतं! अहो, नाक कुणाचं?

माझं वय एकसष्ट, त्यामुळे मलाही हे उलट्याच क्रमाने भेटलं. कॉलेजात असताना क्लॅप्टनच्या क्रीम या बँडची कॅसेट होती, कॉपीची कॉपी, अर्ध्या गाण्यांमागे दुसरंच कुठलंतरी गाणं ऐकू यायचं. त्यात 'स्ट्रेंज ब्रू' होतं. त्यातला क्लॅप्टनचा सोलो मी तोंडपाठ केला होता, तोंडाने वाजवून दाखवायचो (आवाजासकट, कॅन्टीनमध्ये). पुढे बऱ्याच वर्षांनी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये अल्बर्ट किंगची सीडी मिळाली. घरी येऊन लावली. 'ओ प्रिटी वुमन' लागलं, सोलो सुरू झाला, आणि मी हातातला चहा खाली ठेवला. सूर न् सूर तोच! क्लॅप्टनने तो उचलून 'स्ट्रेंज ब्रू'मध्ये बसवला होता. एलपी बाजारात यायच्या आधीच, कारण सुटी तबकडी आधी निघाली होती.

आणि हा एकटा क्लॅप्टन नव्हे. १९६७ मध्येच इंग्लंडच्या जॉन मेयॉलने कोवळ्या गिटारवादक मिक टेलरला घेऊन हेच गाणं रेकॉर्ड केलं. १९६८ मध्ये क्रीमने 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' स्वतःच्या अल्बममध्ये घेतलं. 'द हंटर' फ्री या बँडने उचललं, आणि लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्यात त्याचे तुकडे सापडतात. हेंड्रिक्सनेही शीर्षकगीत शब्दांशिवाय वाजवलंय, ते १९९४ मध्ये त्याच्या 'ब्लूज' संकलनात बाहेर आलं.

मोठा चार्ट मिळाला नाही हे खरं. पण ज्यांनी अल्बम विकत घेतला त्यांच्या हातात गिटार होती.

मोगरा | मंगळ, सकाळी ९:१५

काका, 'ओ प्रिटी वुमन' म्हणजे 'कल हो ना हो'वालं का? 😄

रेकॉर्डवाला | मंगळ, सकाळी ९:२०

नाही हो ताई. ते रॉय ऑर्बिसनचं. हे वेगळं. या प्रश्नाने माझ्या आयुष्यातली एकूण दोन वर्षं खाल्ली असतील.

तारसप्तक | मंगळ, दुपारी १:३२

बेसुराबाबूंच्या 'चारच लिक्स'वर लिहायला बसलो, जेवण राहिलं.

मी सतार शिकलो, बारा वर्षं. वाजवतो असं म्हणत नाही, शिकलो एवढंच. ब्लूजशी माझा संबंध धाकट्या भावामुळे आला. त्याने एकदा याच अल्बममधलं 'ॲज द इयर्स गो पासिंग बाय' लावलं होतं. मी स्वयंपाकघरात होतो. तिथून ओरडलो, "कोण रे हा, मींड घेतोय?"

सतारीत मींड म्हणजे काय, तर पडदा बदलायचा नाही. त्याच पडद्यावर तार आडवी ओढायची आणि वरचा सूर तारेतून काढायचा. गिटारवाले ज्याला बेंड म्हणतात, यंत्र तेच. फरक असा की बहुतेक गिटारवादक बेंडमध्ये ठरलेल्या सुरावर पटकन जाऊन पोचतात. गाडी पकडल्यासारखे. अल्बर्ट किंग पोचण्याची घाई करत नाही. तो अर्ध्या वाटेवर थांबतो. आपल्या कोमल गंधाराच्या जरासा वर आणि शुद्ध गंधाराच्या खाली एक जागा आहे, पियानोवर ती नाहीच, तिथे तो रेंगाळतो. मग वर सरकतो, किंवा जातच नाही, तिथूनच सोडून देतो. एका तारेवर, एका ठिकाणी बोट ठेवून तीन-तीन सूर.

आता सांगा, लिक्स चार होत्या की चार हजार? कागदावर लिहिल्या तर चार. बंदिशही कागदावर चारच ओळींची असते की.

बेसुरा_बाबू | मंगळ, दुपारी २:०५

दंडवत. 'कोमल गंधाराच्या जरासा वर' मान्य. पण प्रत्येक वेळी शास्त्रीय संगीत आणून समोरच्याला गप्प करायची ही जुनी युक्ती आहे. माझं म्हणणं साधं आहे: सहाव्या गाण्यापर्यंत मला पुढचा सूर आधीच कळतो.

आजीचा_बटवा | मंगळ, दुपारी २:१९

वरणभातात पुढचा घास कसा लागणार तेही कळतंच की हो. तरी आपण जेवतो.

वऱ्हाडी_सोनपापडी | मंगळ, दुपारी २:२१

काय बोलले बटवाताई. +१००

डावखुरा_पुणेकर | मंगळ, सायं ६:४८

या विषयावर माझा हक्क सगळ्यात आधीचा आहे, नाव बघा.

लहानपणी डाव्या हाताने जेवलो म्हणून आज्जीच्या हातचे चापट खाल्ले. अकरावीत मामाने गिटार आणली, अर्थात उजव्या हाताची. मी ती सरळ उलटी धरली. म्हणजे जाड तारा खाली, बारीक तारा वर. क्लासला गेलो तर तिथले शिक्षक म्हणाले, "आधी सरळ धर, मग शिकवतो." महिनाभर सरळ धरून बघितलं. उजवा हात निव्वळ सुट्टीवर असल्यासारखा वागायचा. सोडून दिलं.

मग कुणीतरी सांगितलं की अल्बर्ट किंग असाच वाजवायचा. खोटं वाटलं, व्हिडिओ बघितला आणि अक्षरशः उभा राहिलो. सव्वासहा फुटांचा दांडगा माणूस, तोंडात पाइप, 'फ्लाइंग व्ही' ही व्ही आकाराची गिटार उलटी, आणि ताराही न बदललेल्या! हेंड्रिक्स पण डावखुरा, पण त्याने गिटार उलटी करून तारा आपल्या सोयीने पुन्हा लावून घेतल्या. अल्बर्टने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ओटिस रश पण याच जातकुळीतला.

आता यातली गंमत. तुम्ही सरळ वाजवणारे लोक बारीक तार वाकवताना ती वर ढकलता. आमची बारीक तार वरच्या बाजूला असते, म्हणून आम्ही ती खाली, तळहाताकडे ओढतो. बादली ढकलून बघा आणि ओढून बघा, जोर कशात जास्त लागतो ते कळेल. त्यात तो तारा सैल, खालच्या सुरात लावायचा. त्याच्या हाताचे पंजे फावड्याएवढे (बुलडोझर चालवायचा तो, थट्टा नाही, खरंच ती नोकरी होती). पिक (नखी) वापरायचा नाही, अंगठ्याने खेचायचा. या सगळ्याची बेरीज म्हणजे तो आवाज. सरळ धरलेल्या गिटारवर त्याची नक्कल होते, आवाज येत नाही.

फ्लाइंग व्ही का, तर ती दोन्ही बाजूंनी सारखी असते. उलटी केली तरी वरच्या फ्रेट्सना (पडद्यांना) हात पोचतो. १९५८-५९ मध्ये गिब्सन कंपनीने पहिल्या खेपेत त्या शंभराच्या आतच विकल्या, कुणाला नकोच होत्या, लोक हसायचे आकाराला. त्यातली एक याच्याकडे. नाव ल्युसी.

राहू_केतू | मंगळ, सायं ७:०२

बी. बी. किंगची ल्युसिल, याची ल्युसी. शिवाय हा लोकांना सांगायचा की बी. बी. माझा सावत्र भाऊ. मूळ नाव अल्बर्ट नेल्सन. आमच्या गावात पाटलांशी नातं सांगणारे असेच असतात.

डावखुरा_पुणेकर | मंगळ, सायं ७:१०

हसून हसून पुरेवाट. पण जन्म इंडियानोला, मिसिसिपीचा सांगायचा, आणि बी. बी. पण तिथलाच म्हणवायचा. एवढा धागा मिळाल्यावर कोण सोडतो!

मोगरा | मंगळ, रात्री ९:३७

सगळे गिटारवर बोलताहेत, शब्दांकडे कुणी बघेना. मला गिटारमधलं ओ का ठो कळत नाही, पण नवऱ्यामुळे हा अल्बम घरात रविवारी वाजतो.

शीर्षकगीत विल्यम बेल आणि बुकर टी. जोन्स यांनी लिहिलं. बेल स्वतः गायक. त्या वेळी अमेरिकेत राशी-भविष्याची लाट होती, तिचा धागा पकडून त्याने हे रचलं. आशय असा की वाईट ग्रहांखाली जन्मलो, रांगता येऊ लागलं तेव्हापासून पडतोच आहे, आणि वाईट नशीब नसतं तर माझ्याकडे नशीब म्हणून काही नसतंच. हा शेवटचा टोला ब्लूजमध्ये आधीपासून फिरत होता, लाइटनिन स्लिमच्या १९५४ च्या गाण्यात आहे. लिहिता-वाचता येत नाही हेही तो सांगून टाकतो.

आता आपल्याकडे साडेसातीवर गाणं करायचं म्हटलं तर ते रडकं तरी होईल नाहीतर शनिमाहात्म्य तरी. हा माणूस मात्र तक्रारच करत नाही! हवामानखात्याच्या अंदाजासारखं सांगतो. पाऊस पडणार आहे, पडतोय, उद्याही पडेल. आणि खाली तो बेस झुलत असतो, त्याला काही पडलेलीच नाही. मला या अल्बममध्ये आवडतं ते हे.

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. लग्न ठरवताना दोन ठिकाणांहून पत्रिका परत आली. तिसऱ्या ठिकाणचा मुलगा म्हणाला, "मी पत्रिका मानत नाही, पण गाणी बरीच ऐकतो, ते चालेल का बघा." आता रविवारी हे शीर्षकगीत लागलं की तो माझ्याकडे बघून हसतो, आणि मी लाटणं दाखवते.

आजीचा_बटवा | मंगळ, रात्री ९:५०

मोगरा, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

आणि 'लॉन्ड्रोमॅट ब्लूज' ऐकलंस का? कपडे धुवायच्या मशिनींच्या दुकानात ही बाई कुणाला तरी भेटायला जाते, असा याला संशय. आमच्या चाळीत हेच सगळं सार्वजनिक नळावर घडायचं. मशीन नव्हतं, बाकी गाणं तेच.

मेम्फिसवासी | बुध, सकाळी ६:०५

इकडे संध्याकाळ आहे. कामानिमित्त सहा वर्षं मेम्फिसला आहे, त्यामुळे हा धागा म्हणजे माझ्या गल्लीतली गोष्ट.

स्टॅक्सचा स्टुडिओ मॅकलेमोर अव्हेन्यूवर होता, एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला. आपल्या जुन्या टॉकिजात असायचा तसा, पडद्याकडे उतरत जाणारा. मोठी, तिरकी खोली. त्या गाण्यांत जो 'जागा असल्याचा' आवाज येतो तो याच खोलीचा. जिथे खाऊ विकायचे तिथे कंपनीच्या भागीदार एस्टेल ॲक्स्टन रेकॉर्डचं दुकान चालवायच्या. गल्लीतली पोरं काय विकत घेतात, कशावर नाचतात ते तिथेच कळायचं. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली. आता त्याच जागी म्युझियम आहे, २००३ पासून. देशातून कुणी आलं की मी नेतो. सगळे स्टॅक्सचा गायक आयझॅक हेज याची सोन्याने मढवलेली कॅडिलॅक बघतात आणि फोटो काढतात.

खरी गोष्ट बँडची. ड्रम्सवर अल जॅक्सन, बेसवर डक डन, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, ऑर्गनवर बुकर टी. दोन काळे, दोन गोरे. १९६६-६७ चं मेम्फिस म्हणजे काय शहर होतं ते लक्षात घ्या. त्या खोलीत हे चौघं रोज शेजारी बसून वाजवायचे, बाहेर पडले की एकत्र बसायच्या जागा मोजक्या. लोरेन मोटेल ही त्यातली एक. स्टॅक्सचे लोक तिथे पडीक असायचे, गाणीही लिहायचे. एप्रिल १९६८ मध्ये त्याच मोटेलच्या बाल्कनीत मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली. आता तिथे नागरी हक्कांचं संग्रहालय आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खालच्या आवारात उभ्या केलेल्या जुन्या गाड्या बघत होतो, वर बघायचं धाडस उशिरा झालं.

मुद्द्यावर येतो. अल्बर्ट किंग स्टॅक्सला आला तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता, बरीच वर्षं सेंट लुईसकडे वाजवून झालेला. त्याच्या ब्लूजखाली ही सोल संगीतवाली मंडळी आली. आधीचा ब्लूज पावलं आपटत चालायचा, यांनी त्याला कंबर दिली. 'क्रॉसकट सॉ' ऐका. दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीचं गाणं (करवतीचंच, असं समजू), चाळीसच्या दशकापासूनचं. अल जॅक्सनने त्याखाली असा काही ठेका घातलाय की जुनं लाकूड नवीन वाटतं. कच्चालिंबू, एकदा गिटार न ऐकता फक्त ड्रम्स ऐका.

तारसप्तक | बुध, सकाळी ८:११

अगदी. ठेक्याचं मोल तबलजी चांगला नसला की कळतं. अल्बर्ट सूर सोडून दोन-दोन मात्रा गप्प बसू शकतो, कारण खाली कुणीतरी जमीन धरून ठेवलीये.

बेसुरा_बाबू | बुध, सकाळी ११:२६

ठेका मान्य, चाळीसच्या वर गाडी जात नाही हेही मान्य.

पण रेकॉर्डवाला काकांना एक विचारायचंय. सूर न् सूर उचलला म्हणता, आणि कौतुकाने म्हणता. आपल्याकडे बंदिश घेतली तर कान पकडून गुरूचं नाव घेतात. 'स्ट्रेंज ब्रू'च्या कव्हरवर अल्बर्टचं नाव शोधून दाखवा. पैसे कुणी मिळवले? इंग्लंडच्या पोरांनी. मग 'प्रभाव' हा सभ्य शब्द कशाला, चोरी म्हणा.

रेकॉर्डवाला | बुध, दुपारी ४:५०

हा प्रश्न योग्य आहे आणि माझ्याकडे याचं गोड उत्तर नाही. गाण्याचे हक्क लिहिणाऱ्याला मिळतात, सोलोचे सहसा कुणालाच मिळत नाहीत. कायद्याने चोरी नाही, नीतीने आहे असं तुम्ही म्हणालात तर मी भांडणार नाही.

फक्त पुढची गोष्ट ऐका. फेब्रुवारी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बिल ग्रॅहम या आयोजकाने एकाच कार्यक्रमात हेंड्रिक्स, मेयॉल आणि अल्बर्ट किंगला उभं केलं. समोर गोरी, केस वाढवलेली पोरं, ज्यांनी याचे सोलो दुसऱ्यांच्या हातून ऐकले होते. त्याच वर्षी जूनमध्ये ग्रॅहमच्याच फिलमोर सभागृहात अल्बर्टचा थेट अल्बम ध्वनिमुद्रित झाला. म्हणजे चोरांनी घराचा पत्ता तरी बरोबर सांगितला.

मग १९८३. डेव्हिड बोवीचं 'लेट्स डान्स' घराघरांत वाजतंय, आणि त्यातला गिटार सोलो अस्सल अल्बर्ट किंग. वाजवणारा स्टीव्ही रे व्हॉन, टेक्सासचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका टीव्ही स्टुडिओत दोघांना समोरासमोर बसवलं. 'इन सेशन'. तो बघा, नुसता ऐकू नका. स्टीव्ही तेव्हा गाजत होता, पण तिथे तो शिकवणीला आलेल्या मुलासारखा बसलाय. अल्बर्ट मध्येच वाजवणं थांबवून त्याला उपदेश करतो. स्टीव्ही मान हलवतो, आणि पुढच्या गाण्यात म्हाताऱ्याचाच सूर म्हाताऱ्याला परत देतो. ते ध्वनिमुद्रण बाहेर यायला १९९९ उजाडलं. स्टीव्ही १९९० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला, अल्बर्ट १९९२ च्या डिसेंबरमध्ये. दोघांनीही ती सीडी पाहिली नाही.

आणि गॅरी मूर. १९९० च्या 'स्टिल गॉट द ब्लूज'मध्ये त्याने 'ओ प्रिटी वुमन' घेतलं, आणि वाजवायला खुद्द अल्बर्टलाच बोलावलं. कव्हरवर नाव आहे, बेसुरा.

बेसुरा_बाबू | बुध, सायं ५:१५

२३ वर्षांनी का होईना. बरं, घेतला शब्द अर्धा मागे.

वांद्रे_लोकल | बुध, रात्री १०:०८

थोडं अवांतर. २०११ च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल पहिल्यांदा झाला, तेव्हा मी गेले होते. शिलाँगचे सोलमेट वाजवून गेले, मग बडी गाय. माझ्या शेजारी एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, झब्बा, खांद्याला शबनम. पूर्ण वेळ डोळे मिटून उभे. एका बेंडवर बडी गायने सूर धरून ठेवला, सोडेचना, तेव्हा यांच्या तोंडून अस्पष्ट "क्या बात" निघालं आणि त्यांनी हात असा वर केला, सवाईत करतात तसा. मला ब्लूज कळला असेल तर त्या हातामुळे.

अल्बर्ट किंग मी नंतर ऐकला. माझ्यासाठी पण नातवंडं आधी.

सोलापुरी_चटणी | बुध, रात्री १०:३०

कार्टूनमधल्या होमर सिम्प्सनने पण हे गाणं गायलंय, १९९० ची सिम्प्सन्सची ब्लूजवाली रेकॉर्ड, गिटारवर चक्क बी. बी. किंग. म्हणजे सावत्र भावाचं गाणं वाजवायला भाऊ आला. घ्या, नातं सिद्ध.

राहू_केतू | बुध, रात्री १०:३१

खटला निकाली.

कच्चालिंबू | पुढचा मंगळ, रात्री ११:४४

मंडळी, गायब झालो होतो, माफी. सगळे प्रतिसाद वाचले, दोनदा. काय काय केलं ते सांगतो.

मेम्फिसवासींनी सांगितलं म्हणून 'क्रॉसकट सॉ' फक्त ड्रम्ससाठी ऐकलं. मग बेससाठी. मग हॉर्न्ससाठी. 'आय ऑलमोस्ट लॉस्ट माय माइंड'मध्ये चक्क फ्लूट आहे, पंधरा वेळा ऐकूनही माझ्या लक्षात आली नव्हती! म्हणजे मी 'रोज ऐकला' म्हणत होतो ते नेमकं काय ऐकत होतो देव जाणे.

शनिवारी सरांकडे गेलो. त्यांना धाग्याबद्दल सांगितलं नाही. ते म्हणाले, "शीर्षकगीतातला गिटारचा पहिला तुकडा वाजवून दाखव." मी म्हटलं, सोपा आहे. पाच-सहा सूर. वाजवला. म्हणाले, "परत." वाजवला. मग त्यांनी माझ्या फोनवरचा ट्यूनर उघडून समोर ठेवला. म्हणाले, "आता बघत वाजव."

तीन फ्रेट वरच्या सुरापर्यंत तार ओढायची होती. काटा दर वेळी अलीकडेच थांबत होता. दर वेळी! कधी थोडा, कधी बराच. आणि मला आजवर वाटत होतं की मी बेंड सुरात घेतो. स्टीव्ही रेचे सोलो मी जे काय वाजवत होतो, त्यात एवढे सूर इतक्या भराभर येतात की एखादा बेसूर निघाला तरी पुढचा त्याच्यावर पांघरूण घालतो. इथे पांघरूणच नाही. एक सूर, मग शांतता, आणि त्या शांततेत तुमचा चुकलेला सूर नागडा उभा.

सर म्हणाले, "म्हणून दिला होता."

तारसप्तककाका, तुमची ती मधली जागा मला अजून सापडलेली नाही. पण ती आहे हे आता ऐकू येतं. काल रात्री 'ॲज द इयर्स गो पासिंग बाय' लावलं आणि एका ठिकाणी तो सूर वर जायच्या ऐवजी मध्येच सोडून देतो ना, तिथे आपोआप मागे जाऊन तेवढंच चार वेळा ऐकलं. आई आतून म्हणाली, रेकॉर्ड अडकली का रे.

बेसुराबाबू, लिक्स मी मोजायला बसलो होतो. पाच भरल्या. :)

तारसप्तक | पुढचा मंगळ, रात्री ११:५९

आधी तो सूर गाऊन बघा, मग ओढा. गळ्यात नसेल तर बोटात कुठून येणार. आणि काका नको म्हणू हो, मी चाळीसचा आहे.

बेसुरा_बाबू | बुध, रात्री १२:०६

पाच? पाचवी कुठली?

डावखुरा_पुणेकर | बुध, रात्री १२:०९

लिंबूशेठ, एकदा गिटार उलटी धरून ओढून बघा.

कच्चालिंबू | बुध, रात्री १२:३३

बघितलं. आत्ताच. पहिल्याच ओढीला 'बी'ची तार तुटली, गालाला चाटून गेली. घरात सगळे जागे झालेत. जादा तार नाही, आणि दुकान बुधवारी बंद असतं.

राहू_केतू | बुध, रात्री १२:३४

लिंबू, तुझं नक्षत्र कुठलं रे?